प्रोफेसरांची शिंक

“लॅटिन भाषेत दाढी कशी करतात ते आम्हाला एकदा पाहायचंच आहे,” बाबा म्हणाले, आणि दुकानात बसलेली सगळी गिऱ्हाइकं तोंडावरच्या फेसासकट हसली.

दारात उभे असलेले डॉक्टर योआखिम फेल्टन हसले नाहीत. हातातली टोपी त्यांनी एकदा उलटी केली, एकदा सुलटी केली आणि म्हणाले, “मायस्टर क्रोगर, मी थट्टा करायला आलेलो नाही. मला तुमच्या संघात घ्या, असं सांगायला आलोय.”

“संघात? न्हाव्यांच्या?”

“हो. रीतसर परीक्षा देतो.”

खुर्चीत बसलेल्या पाववाल्याला हसता हसता ठसका लागला, फेस नाकात गेला आणि त्याच्या पाठीत थापट्या मारायला मला धावावं लागलं.

हसण्यासारखंच होतं ते. आमच्या लिंडेनरोड गावाला विद्यापीठ होतं, आणि आमच्या काळी जर्मन मुलखात वैद्यकीचे दोन वाटे पडलेले होते. डॉक्टर म्हणजे लॅटिन बोलणारा, डोक्याला केसांचा टोप घालणारा, रोग्याची लघवी काचेच्या बाटलीत उजेडाला धरून रोगाला एखादं भारदस्त नाव ठेवणारा. नाव ठेवलं की त्याचं काम संपलं. गळू फोडणं, हाड बसवणं, दात उपटणं, सडलेला पाय कापणं, हे सगळं न्हाव्याकडे. संघातल्या पक्क्या कारागिराला मायस्टर म्हणत, आणि माझे वडील बार्टोल्ड क्रोगर हे न्हावी-शस्त्रवैद्यांच्या संघाचे प्रमुख होते. गावातले निम्मे पुरुष त्यांच्या हातून गुळगुळीत झालेले आणि उरलेले निम्मे त्यांच्याच हातून लंगडत का होईना, चालते झालेले.

आणि हे फेल्टन! हॉलंडात शिकून आलेले, शस्त्रक्रियेचे प्रोफेसर, आणि हट्ट असा की वाचणाराही मीच आणि कापणाराही मीच. विद्यापीठातले बाकीचे प्रोफेसर म्हणत, ज्याच्या बाहीला रक्त लागतं तो कसला विद्वान? आमचे न्हावी म्हणत, जो पुस्तकात बघून कापतो तो कसला कारागीर? बिचारे ना धड इकडचे, ना धड तिकडचे. त्यातून ड्यूकसाहेबांच्या आजोबांनी संघाला हक्क लिहून दिलेला, की गावाच्या हद्दीत जिवंत माणसाच्या अंगाला सुरी लावायची ती फक्त संघातल्या माणसानं. त्यामुळे शस्त्रक्रियेचे प्रोफेसर आपल्या विद्यार्थ्यांना कोबीच्या गड्ड्यावर टाके घालायला शिकवत. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो हे मी ऐकून होते. रिकामा प्रोफेसर काय करतो, ते तेव्हा कळलं.

पण विद्यापीठाच्या प्रमुखानं, म्हणजे रेक्टरनं, त्यांना निक्षून सांगितलं होतं, ईस्टरच्या आत एखाद्या जिवंत माणसावर शस्त्रक्रिया करून दाखवा, नाहीतर प्रोफेसरकी सोडा. म्हणून स्वारी टोपी हातात घेऊन आमच्या दारात आली होती.

“घेऊ की परीक्षा,” बाबा म्हणाले. “पुढच्या शनिवारी या. पण एक सांगून ठेवतो, प्रोफेसरसाहेब. आमच्यात कुणाच्या हातातली सुरी काढून घेत नाहीत.”

फेल्टननी टोपी डोक्यावर ठेवली, तीही उलटी, आणि निघून गेले.

बाबांचं ते बोलणं कुठल्या जखमेतून आलं, हे मला ठाऊक होतं. दर हिवाळ्यात विद्यापीठात प्रेत चिरून दाखवायचे. प्रोफेसर उंच आसनावर बसून पुस्तक वाचणार आणि खाली मेजापाशी बाबा चिरणार, अशी जुनी रीत. वरून ‘यकृत’ म्हटलं की बाबांची सुरी यकृतावर. त्या मानापुढे बाबांना गावची पाटीलकीसुद्धा फिकी वाटली असती. त्या हिवाळ्यात मात्र फेल्टन वाचता वाचता थांबले, आसनावरून खाली उतरले आणि सगळ्या विद्यार्थ्यांदेखत बाबांच्या हातातली सुरी अलगद काढून घेऊन स्वतः चिरायला लागले. बाबा घरी येऊन जेवलेसुद्धा नाहीत. “चारचौघांत बिनपाण्यानं हजामत केली त्यानं माझी,” एवढंच म्हणाले.

फेल्टनना वाटलं होतं, म्हातारा हलगर्जी आहे. खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती बाबा आणि मी सोडून कुणालाच माहीत नव्हती. बाबांना दिसत नव्हतं.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला आणि डाव्यात धुकं दाटत चाललेलं. दुकानात ते कायम खिडकीकडे पाठ करून उभे राहायचे, टोपी भुवयांपर्यंत ओढून. वस्तरे, कात्र्या, साबण मी ठरलेल्या जागी ठरलेल्या क्रमानं मांडून ठेवायचे. गावातला प्रत्येक चेहरा त्यांच्या बोटांना पाठ होता. कुणाच्या गालाला खळी, कुणाच्या हनुवटीला चामखीळ, कुणाचा गळा पुढे आलेला, सगळं बोटं सांगायची आणि वस्तरा मागून चालायचा. हाड बसवायला तर डोळे लागतातच कशाला? अडचण यायची ती अनोळखी चेहऱ्यांची. परगावचा माणूस आला की मी सांगायचे, “बाबांचा हात दुखतोय,” आणि त्याला पुढच्या गल्लीत मायस्टर ग्रुबेंकडे पाठवायचे.

हे ग्रुबे म्हणजे संघातलं दुसरं बडं प्रस्थ. त्यांचा डोळा बाबांच्या प्रमुखपदावर होता, आणि दुर्दैवानं तो डोळा अगदी ठणठणीत होता. आंधळ्याच्या हाती वस्तरा ठेवायचा नाही, असा संघाचा नियम. ग्रुबेंना नुसता सुगावा लागायचा अवकाश, बाबांचं दुकान, मान, सगळंच गेलं असतं. आणि वस्तऱ्याशिवाय बाबा म्हणजे काय, याची कल्पनासुद्धा मला करवत नव्हती.

“बाबा, मोतीबिंदू सुईनं पाडता येतो म्हणतात,” मी एकदा भीतभीत म्हटलं होतं.

“जत्रेतल्या त्या भामट्यांसारखा?” बाबा कडाडले. जत्रेत डोळे बरे करणारे यायचे खरे. रोग्याचं ओरडणं ऐकू जाऊ नये म्हणून कर्णे वाजवायचे, डोळ्याला पट्टी बांधायचे, आठवडाभर सोडू नका म्हणायचे, आणि पट्टी सुटायच्या आत पुढच्या गावाला पसार व्हायचे.

“भामटे नाही हो. डॉक्टर फेल्टन हॉलंडात ते शिकलेत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात.”

“ज्यानं माझ्या हातातली सुरी काढून घेतली, त्याच्या हातात मी डोळा देऊ? त्यापेक्षा डोळ्यांची खाच झालेली परवडली!”

विषय तिथेच संपला.

इकडे फेल्टन परीक्षेच्या तयारीला लागले. त्या आठवड्यात त्यांच्या वर्गातले विद्यार्थी तोंडाला कापूस चिकटवून हिंडताना दिसत. प्रोफेसर त्यांच्यावर दाढीचा सराव करत होते. पाववाल्याची बायको म्हणाली, वर्गात युद्ध चालू आहे आणि दोन्ही बाजू हरताहेत. काही पोरांनी चक्क दाढी वाढवायला घेतली. जो माणूस मुतखडा काढायला शिकला होता, त्याला साधी मिशीखालची खोबण जमत नव्हती. मला हसू यायचं आणि कीवही यायची. खरं सांगायचं तर कीव जरा जास्तच यायला लागली होती, पण ते असो.

शनिवारी सकाळी संघाच्या दिवाणखान्यात सगळे मायस्टर जमले. बाबांना भांडं आणि टॉवेल द्यायला मी उभी होते. बाईमाणसानं तिथे तोंड उघडायचं नाही, असाही एक नियम होता, आणि माझ्याइतका तो कुणालाच जड गेला नसेल.

ग्रुबेंनी घसा खाकरून परीक्षेची रीत सांगितली. उमेदवारानं आधी मलम शिजवायचं. मग वस्तऱ्याला धार लावायची. मग संघप्रमुखाची दाढी करायची. आणि शेवटी उमेदवारानं खुर्चीत बसायचं आणि संघप्रमुखानं त्याची दाढी करायची, कारण ज्याला दुसऱ्याच्या गळ्याला वस्तरा लावायचा आहे, त्यानं आधी स्वतःचा गळा देऊन बघावा.

“वस्तऱ्याखाली उमेदवार हलला, तर तो नापास,” ग्रुबे म्हणाले. “आणि उमेदवार न हलता रक्त आलं, तर चूक मायस्टरची. मग मायस्टरनं वस्तरा खाली ठेवायचा, कायमचा. अर्थात आमच्यात असं कधी झालेलं नाही.”

एरवी हा शेवटचा भाग म्हणजे नुसती रीत. उमेदवार म्हणजे बाबांच्याच हाताखाली वाढलेला पोऱ्या असायचा, त्याचा चेहरा बाबांच्या बोटांना पाठ. फेल्टनचा चेहरा मात्र बाबांनी कधी हातात घेतला नव्हता. मला रात्रभर झोप लागली नव्हती ती त्यामुळे. बाबांना विचारलं, तर म्हणाले, “चेहरा तो चेहरा. नाक मध्ये, गाल दोन बाजूंना. सापडेल.”

मलम झालं. चपलेच्या तळव्याला लावता आलं असतं इतकं घट्ट झालं, पण झालं. धार मात्र अशी लागली की म्हातारे मायस्टरसुद्धा माना डोलवायला लागले. मग बाबा खुर्चीत बसले. खुर्ची खिडकीसमोर होती. टोपी काढावी लागली.

फेल्टननी फेस लावला. वस्तरा लेखणीसारखा धरून ते एकेक केस विचारपूर्वक काढू लागले. “दुखतंय का?” असं त्यांनी विचारलं तेव्हा दिवाणखान्यात खसखस पिकली. मग गळ्याची दाढी करायला त्यांनी बाबांची हनुवटी वर उचलली, तोंड उजेडाकडे वळवलं, आणि त्यांचा हात थांबला.

ते बाबांच्या डोळ्यांत बघत होते. बाबांची बोटं खुर्चीच्या हातावर आवळली गेली.

“काय हो, झोप लागली की काय प्रोफेसरांना?” ग्रुबे म्हणाले.

आता बोलतील, मला वाटलं. एक वाक्य बोलायचा अवकाश, परीक्षा तिथल्या तिथे मोडली असती, फेल्टनची मान बाबांच्या वस्तऱ्यातून सुटली असती. शिवाय सुरी का काढून घेतली, याचं कारणही जगाला कळलं असतं.

“मायस्टरांची कातडी जुनी आहे,” फेल्टन म्हणाले. “जपून करतोय.”

आणि दाढी पूर्ण केली. दोन ठिकाणी खुंट राहिले, पण रक्ताचा थेंब नाही.

जागा बदलल्या. फेल्टन खुर्चीत बसले, पांढरा टॉवेल गळ्याभोवती घेतला आणि मान मागे टाकली. त्यांना आता सगळं माहीत होतं. जिच्याखाली त्यांचा गळा होता ती धार त्यांनीच लावलेली होती, आणि ती ज्याच्या हातात होती त्या माणसाला ते आवडत नव्हते आणि दिसतही नव्हते.

बाबांनी डाव्या हाताची बोटं त्यांच्या गालावरून फिरवली आणि वस्तरा टेकवला. पहिला गाल झाला. मी डोळे फाडून बघत होते, म्हणून मला ते दिसलं. वस्तरा गालावर चालत नव्हता, गालच वस्तऱ्याखालून चालत होता. फेल्टन तसूतसूनं तोंड फिरवत होते, जिथे धार चुकीची येतेय असं वाटे तिथे गाल फुगवत होते, जिथे खोल जाईल असं वाटे तिथे आत ओढत होते. स्वतःची दाढी स्वतःच करून घ्यावी, तसं चाललं होतं.

“उमेदवार हलतोय!” ग्रुबे ओरडले. “मी पाहिलं. आता पुन्हा हलला, तर खेळ खलास!”

फेल्टन दगडासारखे स्थिर झाले. दुसरा गाल कसाबसा झाला. राहिली हनुवटी, आणि नेमकी तिथेच त्यांना एक खोल खळी होती. वरच्या फेसात ती बुजून गेली होती. बाबांची बोटं एका बाजूला आणि वस्तरा दुसऱ्या बाजूनं, वरून खाली, थेट खळीत उतरताना मला दिसला. मी तोंड उघडलं. नियम गेला खड्ड्यात, मी ओरडणारच होते.

“आऽऽऽच्छूऽऽ!”

अशी शिंक त्या दिवाणखान्यात पूर्वी कुणी दिली नसेल. खिडकीच्या काचा थरथरल्या. फेस उडाला, एक तुकडा ग्रुबेंच्या मिशीवर बसला, आणि फेल्टनच्या हनुवटीवरून रक्ताची धार टॉवेलवर उतरली.

“क्षमा करा,” ते टॉवेलनं हनुवटी दाबत म्हणाले. “मला शिंक आली. मी हललो.”

“हलला! सगळ्यांनी पाहिलं, हलला!” ग्रुबेंना आनंद लपवता येईना. “नापास! वर्षभर दारात यायचं नाही!”

बाबा वस्तरा हातात धरून तसेच उभे राहिले. मी देवाचे आभार मानले की वेळेवर शिंक आली, आणि मग माझ्या लक्षात आलं की फेल्टनची प्रोफेसरकी त्या शिंकेबरोबर उडून गेली होती. ईस्टर वर्षभर थांबणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चमधून घरी येईपर्यंत गावातली पोरं फेल्टनमागे शिंकत चाललेली मी पाहिली. ते हनुवटीला पट्टी बांधून, मान खाली घालून चालले होते. रेक्टरसाहेब चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून फार समाधानानं तपकीर ओढत होते.

बाबा घरी खुर्चीत बसून होते. जेवले नाहीत. वस्तरा उघडत होते, मिटत होते. सोमवारी सकाळी एकदम म्हणाले, “सिबिला, टोपी दे. आणि प्रोफेसरच्या घरी चल.”

“कशाला?”

“डोळा द्यायला.”

मी विचारायला तोंड उघडलं, तर म्हणाले, “चल म्हटलं ना.”

फेल्टन सामानाच्या पेट्या भरत होते. आम्हाला बघून त्यांच्या हातातली पुस्तकं पायावर पडली.

“मायस्टर, मला गावात सुरी लावता येत नाही,” सगळं ऐकून ते म्हणाले. “परवा तुमच्या संघानंच नापास केलंय.”

“सुरी कोण म्हणतंय? सुई लावा.”

“सुईसुद्धा नियमात येते.”

“येणारच. नियमाचा राखणदार मी आहे, मला सांगू नका. गावाची हद्द कुठे संपते?”

“बदकांच्या कुरणापाशी. तिथे दगड आहे.”

“मग खुर्ची दगडापलीकडे ठेवा. डोळा पलीकडे असला म्हणजे झालं. त्या तुमच्या कापसाच्या गालांच्या पोरांनाही बोलवा. शिकू दे त्यांना.”

फेल्टन बाबांसमोर बसले. “मायस्टर, स्पष्ट सांगतो. डोळा जाऊ शकतो. कधीकधी जातो. मी खोटं सांगणार नाही.”

“तुमच्या खोटं सांगण्याबद्दल आपण मागाहून बोलू,” बाबा म्हणाले. “आणखी काय?”

“सुई आत असताना तुम्ही जरा जरी हललात—”

“मी हलणार नाही. मला शिंक येत नाही.”

झालं. आमच्या दुकानातली खुर्ची विद्यार्थ्यांनी खांद्यावर घेतली आणि भर बाजारातून वरात निघाली. बाबांनी टोपी डोक्यावर नाही, हातात घेतली होती. मी म्हटलं, “बाबा, मागच्या गल्लीनं जाऊ या. लोक बघतील.” ते म्हणाले, “बघू दे. मला कुठे दिसतंय?” सबंध गावासमोर त्यांनी ते पहिल्यांदा कबूल केलं, तेही असं, चेष्टेत. माझे डोळे भरून आले.

कुरणावर पोचेपर्यंत अर्धा गाव मागे लागला होता आणि त्यात अर्थातच ग्रुबे होते. त्यांनी दगडापाशी वाकून बघितलं. “खुर्चीचा मागचा पाय हद्दीत येतोय!” विद्यार्थ्यांनी खुर्ची पुढे सरकवली. बदकांनी कलकलाट केला. कर्ण्यांची काही गरजच नव्हती.

मी मागे उभी राहून बाबांचं डोकं छातीशी घट्ट धरलं. फेल्टननी डावा डोळा बांधला, उंच स्टुलावर समोर बसले, आणि सुई घेतली. वस्तरा धरताना अवघडलेला तो हात आता कसा सहज झाला होता! बुबुळाच्या कडेनं, पांढऱ्या भागातून सुई आत गेली. बाबांनी श्वास रोखला. मी माझाही रोखला. तो ढगाळ मणी हळूहळू खाली जाऊ लागला, वर आला, पुन्हा खाली गेला. फेल्टन तो तसाच दाबून धरून राहिले. मग सुई बाहेर आली.

“झालं,” ते म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. “आता लगेच पट्टी—”

“थांबा,” बाबा म्हणाले.

त्यांचा डोळा लाल झालेला, पाणी गळत होतं, पण बाहुली काळीभोर होती. त्यांनी फेल्टनकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग हात पुढे करून त्यांच्या हनुवटीवरची पट्टी खस्सकन ओढून काढली.

“ग्रुबे! इकडे या. ही जखम बघा. कशी आहे?”

ग्रुबे बिचकत पुढे आले. “शिंकेची आहे. आम्ही सगळ्यांनी पाहिलं.”

“शिंकताना डोकं पुढे येतं. मग वस्तरा आडवा ओरबाडतो. ही जखम वरून खाली, सरळ, खळीत उतरलेली आहे. शिंकेच्या आधीची आहे ही. माझ्या हाताची आहे.”

“मायस्टर, मी शिंकलो होतो!” फेल्टन घाईघाईनं म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा, प्रोफेसरसाहेब. तुम्हाला शिंकता येत नाही.” बाबांचा आवाज कापत होता, हसण्यानं की कशानं ते मला मागून कळेना. “शिंक यायच्या आधी माणूस श्वास आत घेतो. गळ्याची कातडी ताणली जाते. उभा जन्म गेला माझा, लोकांचे गळे बोटांखाली धरण्यात. तुमचा गळा माझ्या बोटांखाली होता. श्वास आत गेलाच नाही. धार टेकली, कापलं, आणि मग तुम्ही तोंडानं ओरडलात. आणि हलला होतात म्हणालात! देवळाच्या खांबासारखे बसला होतात माझ्या वस्तऱ्याखाली, मी आंधळा आहे हे माहीत असून!”

ग्रुबे हळूच गर्दीत मागे सरकायला लागले.

“ग्रुबे,” बाबा म्हणाले, “उमेदवार न हलता रक्त आलं, तर नियम काय?”

ग्रुबे म्हणाले, “मायस्टरनं वस्तरा खाली ठेवायचा.”

बाबांनी खिशातून वस्तरा काढला, मिटला आणि त्यांच्या हातात दिला. “घ्या. आणि न हललेला उमेदवार?”

“पास,” ग्रुबे अगदी बारीक आवाजात म्हणाले.

“जोरात.”

“पास!”

“आता बांधा पट्टी,” बाबा फेल्टनना म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

पट्टी बांधताना फेल्टनना गाठ तीनदा मारावी लागली. सुई मात्र एकदाही चुकली नव्हती.

ग्रुबे संघप्रमुख झाले. पण आंधळ्याला वस्तरा देऊ नये असा नियम होता, दिसणाऱ्याला परत देऊ नये असा नव्हता, हे बाबांनी उन्हाळ्यात त्यांच्या लक्षात आणून दिलं. दुसरा डोळाही पुढच्या वर्षी मोकळा झाला, तो हद्दीच्या आत, रीतसर. त्यानंतर दर शनिवारी ग्रुबे आमच्याच दुकानात दाढीला यायचे आणि खुर्चीत फार नम्रपणे बसायचे. रेक्टरसाहेबांना प्रोफेसरकी चालू ठेवावी लागली, कारण ईस्टरच्या आत जिवंत माणसावर शस्त्रक्रिया झाली होती आणि ती अर्ध्या गावानं पाहिली होती. पुढे फेल्टननी न्हाव्याच्या पोरीशी लग्न केलं तेव्हा विद्यापीठाला जो धक्का बसला, त्यातून ते अजून सावरलेलं नाही. ती पोर म्हणजे मी. सगळ्या जन्मात त्यांची दाढी त्यांनी स्वतः कधी केली नाही. आधी बाबा करायचे, बाबा गेल्यापासून मी करते.

आता आमचे हे म्हातारे झालेत, नावाजलेत. गेल्या महिन्यात त्यांच्या ग्रंथासाठी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं त्यांचं चित्र छापून आलं. कोरणाऱ्यानं भक्तीनं हनुवटीवरची खूण गाळली होती. ह्यांनी चित्र परत पाठवलं आणि खूण घालून घेतली. नवीन छापील कागद बघायला विद्यार्थी घरी जमले. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या एक दंतकथा चालत आलीय, की हॉलंडात असताना प्रोफेसरांनी एका सरदाराशी तलवारीचं द्वंद्व खेळलं होतं.

एका पोरानं अखेर धीर करून विचारलंच, “प्रोफेसरसाहेब, त्या द्वंद्वात जिंकलं कोण?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीशी उभी होते, हातात त्यांच्याच दाढीचं भांडं.

“द्वंद्व कसलं?” हे गंभीरपणे म्हणाले. “दाढी करताना मला शिंक आली होती.”

पोरांचे चेहरे पडले. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, त्यांनी स्वतःच्या तोंडानं सगळं कबूल केलं होतं, तरी ह्यांनी आपली साक्ष काही बदलली नाही.

तेवढ्यात नव्या कागदाची धूळ ह्यांच्या नाकात गेली. मान वर झाली, श्वास आत गेला, गळ्याची कातडी ताणली गेली, आणि मांजराच्या पिल्लासारखी एवढीशी शिंक रुमालात आली, कुणाला ऐकूही न जाणारी. ती मी लग्न झाल्यापासून बघतेय. त्यांना दुसरी येतच नाही.

मला इतकं हसू आलं की भांडं खाली ठेवावं लागलं. बाबा असते, तर वस्तरा पट्ट्यावर घासता घासता एवढंच म्हणाले असते, “ही खरी.”